मूठ दाखवा!

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांनी परवानगी दिली असती तर खरोखर घातला असता, तूर्त मनातला धरून घे). तुझी कंबर, दाजींचा खोकला आणि तुमच्या गॅलरीतली ती उद्धट मांजर, तिघंही ठीक असतील. माझा डोळा उत्तम. गेल्या वर्षी ऑपरेशनला तू पैसे पाठवलेस म्हणून आज समोरच्या घरातलं कॅलेंडरही वाचता येतं. मी दोन पत्रांत आभार मानले, त्यावर तू चकार शब्द लिहिला नाहीस. आभारांना उत्तर न देणारा माणूस मला संशयास्पद वाटतो, पण तू मोठी, म्हणून सोडून दिलं.

तर त्याच डोळ्याने काय पाहिलं ते ऐक. तुझ्या भावजयीचं महिला मंडळ (त्या त्याला नुसतं 'मूठ' म्हणतात) दर गुरुवारी आमच्या पुढच्या खोलीत भरतं. मधोमध पत्र्याचा बिस्किटांचा डबा, त्यावर फडकं. प्रत्येकीने बंद मूठ फडक्याखाली घालायची, आत उघडायची आणि पुन्हा बंद करूनच बाहेर काढायची. कोणी किती टाकलं ते विचारायचं नाही. त्यातून गल्लीची कामं होतात: बालवाडीचा नळ, दवाखान्याच्या बाळंतखोलीतली खाट. मी विचारलं, पावती? बायको म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. ताई, उभा जन्म मी बसमध्ये तिकिटं तपासली. कागद नको म्हणणारी माणसं कशी असतात ते मला विचार. मलाही सभासद करा म्हटलं, तर दवाखान्यातल्या नर्सबाई (आवाज भोंग्यासारखा) म्हणाल्या, "नको हो चेकरकाका, पुरुषांची मूठ झाकलेली राहत नाही. एकदा टाकतील आणि वर्षभर सांगत सुटतील." सगळ्या हसल्या. बायको सर्वांत जास्त हसली, हेही मी टिपून ठेवलं.

आता मला सांग, टाकताना मूठ झाकणं समजू शकतो, पण रिकामा हात बाहेर काढताना झाकायचा कशाला? पाणी कुठंतरी मुरत होतं. माझा संशय पहिल्यापासून मंडळातल्या इस्त्रीवालीवर. कारण शर्ट. हल्ली माझे शर्ट असे येत होते, की ही बाई ते गादीखाली घालून वर घरच्यांना झोपवत असावी. विचारलं तर म्हणायची, "काका, कापडच तसलं आहे." इतकी वर्षं तेच कापड बरं ताठ उभं राहायचं!

म्हणून गेल्या गुरुवारी मी पडद्यामागे उभा राहिलो (घर माझं, पडदा माझा, याला लपणं म्हणत नाहीत). नर्सबाईंची मूठ गेली, आली. बायकोची गेली, आली. मग इस्त्रीवालीची गेली, ती बराच वेळ आतच. बाहेर आली तेव्हा बोटांच्या फटीतून नोटेचा कोपरा दिसला. टाकताना नव्हे, बाहेर येताना! मी पडद्यासकट बाहेर पडलो (दांडा जुना होता) आणि जुन्या सवयीने ओरडलो, "चला, मूठ दाखवा!"

इस्त्रीवालीने माझ्याकडे पाहिलं, मूठ पुन्हा डब्यात नेली, मोकळा हात मला उलटासुलटा करून दाखवला आणि चपला घालून निघून गेली. नर्सबाई म्हणाल्या, "डोळा छान झालाय हो तुमचा." भोंग्याचा आवाज असून हळू म्हणाल्या, तेच मला बरं वाटलं नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बायकोने मला पडद्यातून सोडवलं आणि सांगितलं, की त्या बाईची इस्त्री जळाली आहे. शेजारणीची घरातली छोटी इस्त्री मागून ती कसेबसे कपडे उरकते. "जिला जमेल तिने टाकायचं, जिला लागेल तिने घ्यायचं. कोणी टाकलं, कोणी घेतलं ते कळू नये म्हणून तर येतानाही मूठ झाकायची, अहो!" मी म्हटलं, तुम्ही तर गल्लीची कामं म्हणत होतात. तर म्हणते, "इस्त्रीवाली गल्लीतली नाही का? तुम्ही नाही का?" मी कसा काय यात आलो, विचारलं. "गेल्या वर्षी माझी मूठ जड होऊन बाहेर आली होती. तुम्ही घेतले नसतेत, म्हणून ताईंचं नाव सांगितलं."

मी बराच वेळ पडद्याचा दांडा ठोकत बसलो. ताई, मला फार लाज वाटते आहे. ज्यांनी डोळा दिला त्यांच्यावरच तो रोखला. डबा आता नर्सबाईंकडे गेला आहे आणि इस्त्रीवाली तिथेही जायला तयार नाही. तिला पैसे द्यायला मी स्वतः गेलो, तर म्हणाली, "शर्टांचे असतील तेवढे द्या, काका." बाकी क्षेम. दाजींना नमस्कार, मांजरीला काही नाही.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : पैसे तुझे नव्हते, तरी दोन पत्रांतले आभार गप्प गिळलेस! ते परत पाठव, योग्य ठिकाणी द्यायचे आहेत.

ता. क. २ : खरं काम हे, की येत्या गुरुवारी इकडे ये. पाहुणीची मूठ चालते, विचारून ठेवलं आहे. सोबतचं पाकीट (डिंकाने चिकटवलं आहे, आधी उघडलंस तर मला कळेल) तिथे गेल्यावर फोड. इस्त्रीवालीला तूच हाताला धरून ने, तुझं ती ऐकते. तिच्या आधी तुझी मूठ जाऊ दे. माझं नाव कोणाजवळ काढायचं नाही, बायकोजवळही नाही.

ता. क. ३ : पुरुषाची मूठही झाकलेली राहते, हे नर्सबाईंना आता कधीच सांगता येणार नाही. ताई, तेवढं मात्र फार जाचतंय.