पालथा हात

३ मार्च

पोचलो एकदाचे! ट्रकमधून उतरवताना कपाटाचा आरसा तेवढा फुटला, बाकी सामान धड आलं. ही आल्या आल्या बाह्या सरसावून कामाला लागली आणि संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघर लावूनही झालं. घर छान आहे. दोन खोल्या, मागे नळ, पुढे व्हरांडा. वरच्या मजल्यावर घरमालक, म्हणजे काका आणि काकू. काकूंनी चहा पाठवला, काकांनी तर स्वतः कपाट उचलायला हात लावला. माझ्याआधी गावातली थंड हवेची यंत्रं तेच सांभाळायचे. म्हणजे आम्ही एकाच धंद्यातले.

पुढची खोली चिमणीला दिली. आमची लेक, सात वर्षांची. खरी चिमणी तिने कधी पाहिलेली नाही, पण नाव मात्र ऐटीत सांगते. गेल्या उन्हाळ्यात तिला ऊन लागलं तेव्हा आमच्या हातून गेलीच होती. पुन्हा असं झालं तर माझ्याकडे आणू नका, उपयोग होणार नाही, असं जुन्या गावातल्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. म्हणून तर ही नोकरी घेतली. या गावात उष्माघाताने आजवर एकही माणूस दगावलेला नाही. शिरतानाच तशी मोठी पाटी लावलेली आहे.

पाणी गावामागच्या तळ्याचं. तळं रंग कालवल्यासारखं हिरवं आहे. उन्हाळे वाढले तसं हे शेवाळ सगळीकडेच पसरलं, त्यात नवल नाही. गाळून येतं म्हणतात. चिमणीचं पोट नाजूक, तिचं पाणी ही वेगळं उकळून ठेवते. आम्हा दोघांना काय, दगड पचतात.

ही म्हणते, इथे तरी संशय घेणं सोड. मी काय करू? माझा धंदाच गळती शोधण्याचा. नळीला साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा कुठून येतो ते बघत बसायचं. मी माणसांकडेही तसाच बघतो म्हणे.

९ मार्च

कामावर रुजू झालो. प्रत्येक गावात एक थंड सभागृह असलंच पाहिजे, हा आता नियमच आहे. पारा ठरलेल्या रेषेपुढे गेला की भोंगा वाजवायचा आणि सगळ्यांनी आत येऊन बसायचं. सभागृह बंद पडलं किंवा उष्माघाताने माणसं दगावली तर सरकार अख्खं गाव रिकामं करतं. त्यामुळे माझ्यासारख्यांना मान आहे.

यंत्रं सुरू करून जाळीसमोर पालथा हात धरला. तापमान मोजायचं मीटर आमच्यात सगळेच बाळगतात, पण खरा मेकॅनिक मीटर नंतर काढतो. तळहात राठ असतो, त्याला काही कळत नाही. हाताची पाठ हळवी. माझे उस्ताद म्हणायचे, मीटर बिघडेल, पालथा हात बिघडणार नाही. आज हाताने सांगितलं अठरा, मीटरने दाखवलं साडेअठरा. घरी येऊन हिला सांगितलं तर म्हणाली, झालं का कौतुक स्वतःचं?

एक गोष्ट खटकली. यंत्रं कोरी करकरीत आहेत. खुर्च्यांवर बोटभर धूळ. गेली कित्येक वर्षं इथे कुणी बसलेलंच नाही. भोंगा कधी वाजला होता, असं काकांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, गरजच पडत नाही.

गरज पडत नाही? दुपारी मीटर त्रेचाळीस दाखवत होतं. आणि हा मार्च आहे.

१७ मार्च

दोन आठवडे झाले, घरगुती दुरुस्तीला एकानेही बोलावलं नाही. आमच्या जुन्या गावात या दिवसांत मला जेवायला फुरसत नसायची. इथे घराघरात यंत्र आहे आणि त्यावर कापड घालून फुलदाणी ठेवली आहे. मी विचारतो, ते म्हणतात, लागत नाही हो. सगळे अगदी एकाच सुरात. ठरवून बोलल्यासारखे.

आज सभागृहाच्या भिंतीवर चार खिळ्यांची भोकं दिसली, मधला चौकोन फिकट. इथे तापमापक होता. शाळेच्या भिंतीवर तसाच चौकोन, दवाखान्याच्याही. कुणी काढले? काकू म्हणाल्या, लोक उगाच आकडे बघून घाबरायचे, म्हणून काढले. गोड हसून म्हणाल्या. मला ते हसू आवडलं नाही.

आणि हे आठवणीसाठी लिहून ठेवतो, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसणार नाही. समोरचे शिंपीकाका भर दुपारी उन्हात खुर्ची टाकून बसतात. अंगात लोकरीचा स्वेटर. आज मला हाक मारून खांद्याची मापं घेतली. म्हणाले, तुलाही लागेल, आधीच विणून ठेवतो. हिला वाटतं म्हातारा गमत्या आहे. मला नाही वाटत. सकाळी झाडूवाला रस्त्यावर मरून पडलेले पक्षी गोळा करत होता. त्यालाही विचारलं. म्हणाला, थंडीने मरतात बिचारे.

२६ मार्च

शिंपीकाका गेले. खुर्चीतच. मी पाहिलं त्यांना. चेहरा लालभडक, ओठ फुटलेले, जीभ कोरडी. ज्याने एकदा ऊन लागलेलं माणूस पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही, आणि मी तर माझ्या लेकीलाच पाहिलंय. डॉक्टर आले, नाडी बघितली आणि म्हणाले, थंडी बाधली. मागे उभे असलेले सगळे माना डोलवत होते. काकू डोळे पुसत म्हणाल्या, कितीदा सांगितलं होतं, दुहेरी स्वेटर घाला.

 म्हणजे ती पाटी! ऊन लागून कुणी मेलं नाही, कारण इथे सगळेच थंडीने मरतात. गाव रिकामं व्हायला नको म्हणून सगळ्यांनी मिळून केलेलं हे नाटक. काका, काकू, डॉक्टर, सगळे सामील. हिला सांगितलं. ती म्हणाली, असेल, पण आपल्याला कुठे काही होतंय? उलट इथला उन्हाळा मला सोसतोय. पाणी बघ ना, नळाचं पाणी हल्ली किती छान गार येतं.

ते खरं आहे. टाकी धुतली असणार.

२ एप्रिल

नाटक असो नसो, मी सावध राहणार. चिमणीच्या खोलीतलं जुनं यंत्र आज खोलून साफ केलं, सुरू केलं. जाळीसमोर पालथा हात धरला. काय हवा सुटली म्हणून सांगू! असा गारवा मी कंपनीच्या नव्या यंत्रातही अनुभवला नाही. खिडक्या दारं बंद केली आणि लेकीला आत झोपवलं.

ती कुरकुरत होती. बाबा, खूप गरम होतंय. मी म्हटलं, वेडाबाई, मला इथे हुडहुडी भरतेय. तिच्या समाधानासाठी मीटर काढलं. चव्वेचाळीस! हसूच आलं. उस्ताद म्हणायचे ते काही खोटं नाही, मीटर बिघडलं. दुरुस्त करायला बसलो तर आतली बारीक पट्टी तुटली. जाऊ दे. हात आहे ना.

चिमणीने पांघरूण तीनदा लाथाडलं. हिने तीनदा घातलं. शेवटी कडा गादीखाली घट्ट खोचल्या.

६ एप्रिल



सकाळी सभागृहात यंत्र तपासत होतो. गरम वायूची नळी गार लागली, म्हणून बंद आहे समजून हात टेकवून उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. वास आला. जळका. हाताची पाठ सोलून निघाली होती. मला काहीही कळलं नव्हतं. अजूनही दुखत नाहीये. नुसतं गार वाटतंय.

धावत घरी आलो. ही चुलीवरचं उकळतं पातेलं नुसत्या हातांनी उतरवत होती. गाणं गुणगुणत होती. बोटांना फोड. म्हणाली, अय्या, हे कधी आले?

म्हणजे मीटर बरोबर होतं. माझा हात बिघडला होता. हे गाव नाटक करत नाही, यांना खरंच थंडी वाजते. आणि आता आम्हालाही. पाणीच असणार, दुसरं काय? सगळे नळाचं पितात. चिमणी एकटी उकळलेलं पिते आणि तिला एकटीलाच गरम होतं.

चार दिवस ती रडत होती आणि मी तिला बंद खोलीत, गरम हवा फेकणाऱ्या यंत्रासमोर, पांघरुणात—

देवा. माझ्या हातांनी.

खोली उघडली. तोंड सुजलेलं, केस चिकटलेले. पण बोलत होती. उचलली आणि सभागृहात नेली. यंत्रं लावली. हवा गार आहे की नाही, मला कळेना. तिला विचारलं. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, गार आहे बाबा, छान गार आहे. मी तिथेच खाली बसून ढसाढसा रडलो.

आता तीच माझं मीटर.

९ एप्रिल

रोज सकाळपासून तिला सभागृहात बसवतो, उन्हं उतरली की घरी आणतो. पुढच्या सोमवारी गावाबाहेर नेणारी गाडी येते, तोवर काढायचे. मीही आता चिमणीचं उकळलेलं पाणीच पितो. फरक नाही. काकांना सगळं सांगितलं. ते जराही चकित झाले नाहीत. म्हणाले, मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. सोड, त्रास कमी होतो. माझ्या जळलेल्या हातावरून त्यांनी हात फिरवला. आज पहिल्यांदा नीट पाहिलं, त्यांच्या हाताला बोटांची टोकंच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, लेकरू गारठून मरेल. काकू सभागृहात घोंगडी घेऊन आल्या. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

ही बोलत नाही माझ्याशी. जाणार नाही म्हणते. बाहेर थंडी आहे म्हणते. अंगावर दोन शाली.

११ एप्रिल

सभागृहाची वीज तोडलेली. काकाच. त्यांच्याशिवाय विजेचा डबा कुणाला उघडता येतो? जोडायला सकाळ गेली.

खरं लिहायचं तर मला बरं वाटतंय इथे. ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. शिंपीकाकांचा स्वेटर दारात कुणीतरी ठेवून गेलं. बरोबर माझ्या मापाचा. घातलेला नाही.

घातला. थोडा वेळच.

१२ एप्रिल

पुन्हा वीज तोडली. चिमणीला खुर्चीत बसवलं, तारा जोडत होतो. घाई, घाम— घाम येत नाहीच आता. बोलतं ठेवायचं म्हणून विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, गार आहे बाबा.

मी हसलो. शहाणी माझी.

मग हातातली तार खाली पडली.

यंत्र अजून सुरूच केलं नव्हतं.

१२, संध्याकाळ

हिला विचारलं. शांतपणे सांगितलं तिने. चिमणीचं पाणी उकळणं बंद केलंय. उकळलं की नाही ते हाताला कळतच नाही, मग सरपण कशाला जाळायचं? कधीपासून, विचारलं. आठवत नाही म्हणाली. आठवडा झाला असेल. लेक आता रडत नाही, नीट झोपते, हे तुला दिसत नाही का? मला रागही धड येईना. आई आहे. पोर रडायची थांबली, एवढंच तिला दिसलं.

म्हणजे सहा तारखेला ती गार आहे म्हणाली तेव्हा— खरंच गार होतं? यंत्रं चालली होती का? की तेव्हापासूनच—

चिमणी घोंगडी मागते आहे.

१३

आता सोमवारच. गाडी. हिला बांधून न्यावं लागलं तरी. सामान नको.

भोंगा वाजवला. सगळ्यांनी यावं म्हणून. आले. दारात उभे राहिले स्वेटर घालून. काकू म्हणाल्या, पोरीला किती त्रास देतोयस. कुणी आत आलं नाही.

चिमणी व्हरांड्यात उन्हात बसली होती. हसत होती. आत ओढली. हात झटकला माझा. म्हणाली, बाबा, तुझे हात थंड आहेत.

सोमवार

गाडी दुपारी. उठवतोय. उठत नाहीये.

गाढ झोप असेल. काल दमली. ही म्हणते झोपू दे, पांघरूण घाल.

श्वास— आहे. वाटतो. मीच धापा टाकतोय, नीट ऐकू येत नाही.

कपाळावर पालथा हात ठेवला. गार लागलं.

पण मला नळी गार लागते. उकळतं पातेलं गार लागतं. आता चूल पेटवून मुद्दाम हात धरून आलो, तीही—

तापली असेल तर ओलं फडकं. गारठली असेल तर— नाही, इथे कोण गारठतं— पण समजा आधीच— तसं असेल तर अंग असंच—

हिला म्हटलं, तू बघ. तिने हात ठेवला. गार आहे, म्हणाली. काकूंना बोलावलं. गार. डॉक्टर. गार.

गाडीचा आवाज येतोय. चालक बाहेरचा आहे. त्याचा हात— त्याला नुसता हात लावायला सांगतो, एकदाच, कपाळाला, मग तो म्हणेल तसं— उचलून दारापर्यंत आणली आहे, तो खाली उतरतोय, हातात रिकामी बाटली आहे, दर खेपेसारखी ती भरायला आपल्या नळाकडे—