निळ्या गोळीची चोरी

चि. सौ. धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे अजून कुरकुरतात का? माझे तर आता उघड भांडतात. पत्र सून लिहिते आहे. (मी सांगते तसंच लिही गं, सुधारत बसू नकोस.)

तुझ्या भावोजींना आता कोणीच ओळखू येत नाही. मुलाला ते ‘साहेब’ म्हणतात, मला ‘ओ बाई’. ओळखीची उरली होती ती एक रक्तदाबाची निळी गोळी. पेपरमिंटच्या कारखान्यात जन्मभर निळा रंग कालवलेला माणूस. त्यांना वाटायचं, गोळी आपल्याच हातची आहे. कौतुकाने चोखत बसायचे. गेल्या महिन्यात औषधवाल्यांनी रंग काढून टाकला आणि गोळी झाली पांढरी. झालं! “हा दुसऱ्या कारखान्याचा माल,” म्हणून यांनी थुंकून टाकली. चार दिवस औषध पोटात नाही. (मला अक्षर वाचता येत नाही, पण यांचा चेहरा येतो, आणि तो लालबुंद झाला होता.)

मग मी कोपऱ्यावरच्या केकवालीकडून खायच्या निळ्या रंगाची बाटली आणली. थेंबच टाकायचा होता, पण बूच निसटलं आणि गोळ्या, बशी, माझा पदर, सगळंच निळं झालं. एक गोळी आधी मी चाटून पाहिली, मग यांना दिली. मिटक्या मारत खाल्ली. तेवढ्यात डॉक्टर तपासायला आले, त्यांनी निळे ओठ पाहिले आणि थेट रुग्णवाहिकाच बोलावली. सुनेने रडायला सुरुवात केली. (हेही लिही.) मग डॉक्टरांनी कापसाने ओठ पुसले, तर कापूस निळा आणि ओठ गुलाबी! ते माझ्याकडे वळले. “आजी, जीभ दाखवा.”

दाखवली. आणि धाकटे, हे हसले गं. “निळूबाई, पुन्हा खिशातली गोळी चोरलीस?”

नवी नवरी असताना मी यांच्या खिशातल्या पेपरमिंटच्या गोळ्या चोरायची आणि जीभ चुगली करायची, तेव्हाचं ते नाव. दोन वर्षांनी ऐकलं. मी तोंड धुऊन आले, तर पुन्हा ‘ओ बाई’.

आता पातळ औषध मिळालंय. रंगाची बाटली सुनेने मोरीत ओतली आणि मी शहाण्यासारखं वागायचं कबूल केलंय. काळजी नसावी.

तुझी थोरली

ता. क. पाकीट टाकायला निघाले ती वाटेत शिंपीदादांकडे थांबले. एवढं शिंपीदादा लिहिताहेत, सुनेला कळू देऊ नकोस. मला त्या निळ्या रंगाची एक बाटली पाठव, दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात लपवून. केकवाली मला पाहिलं की आता बाटल्या मागे सरकवते.

आणखी एक. गोळीला नाही लावणार, शप्पथ. माझ्या जिभेपुरता हवाय.