सुलभाची नजर

रत्नागिरी, मार्गशीर्ष शुद्ध नवमी, सायंकाळ

आज आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलचा अंतिम सामना. नात ईरा शेवटच्या वर्षाला, तरीही बाकावर. तिची प्रशिक्षक सुलभा, लांज्याची, माझ्याच हाताखाली घडलेली. मध्यंतरात तिच्याजवळ गेलो. निवृत्त प्रशिक्षकाने असे जावे का? पण गेलो.

"सुलभा, ईराला शेवटची पाच मिनिटे तरी उतरव."

"नाही सर. तिचा घोटा दुखावलाय. लपवतेय ती."

"मला तर काही दिसले नाही."

"आज तुम्ही सर नाही, आजोबा आहात. बसा बघू, कोकम घ्या."

बोलताना तिची नजर मैदानात सराव करणाऱ्या मुलींवरून ढळली नाही.

सामना एका गुणाने गेला. घरी ईरा कठडा धरून, एकेक पायरी थांबत जिना चढली, तेव्हा कुठे मला कळले. सुलभाची ती नजर मनातून जात नाही. मी दिलेली म्हणावी, तर ती माझ्याहून तीक्ष्ण कशी?

गुरूने शिष्याकडून पराजय इच्छावा, असे शास्त्र सांगते. प्रत्येक संघाला हे ऐकवले, देवापुढेही मागितले. चषक पुष्कळ दिलेस, परमेश्वरा. हा पराजय तेवढा उशिरा दिलास. कृतज्ञ आहे.