पिंपळाच्या बुडाची फरशी

आनंदराजमामा,
जय भीम.

लई राग आलाय म्हणून लिहून राहिले. पत्र टाकणार न्हाई, कारण आई म्हणती, मामाला उलटं बोलायचं न्हाई.

चार महिने झाले, लातूरला झाडांवर इलाज करायचं शिकून राहिले. दोरावर लटकून, साल न सोलता वाळकी फांदी उतरवता येती मला. म्हणून दिवाळीला बिलोलीला आले तवा विहारातला पिंपळ बघून सांगितलं, "मामा, पार बांधताना बुडाला चिकटून फरशी बसवली, मुळांना हवा न्हाई. दोन हात जागा मोकळी करा." तुम्ही अख्ख्या कमिटीसमोर हसलात. "माकडासारखी झाडावर चढती अन् आम्हाला अक्कल शिकवती!"

आता शेंडा वाळला, तर गावभर सांगता, महामायाच्या करवतीनं वाळला. मी त्याचं एक पानबी तोडलं न्हाई, मामा! माझ्या आईनं दोन उन्हाळे डोक्यावर घागरी आणून जगवलेलं झाड हाय ते.

काल सकाळी पहार घेऊन गेले. बुडाशी तुमचं नाव कोरलेली फरशी होती. खरं सांगते, तिथं माझा हात थांबला. मागून आई आली. तिनं पहार घेतली अन् ती फरशी तिनंच उचकटली. खाली मुळ्या काळ्या पडलेल्या. आई घरी गेली, घागर भरून आणली, तिथं ओतली.

तुम्हाला उलटं मात्र एक शब्द बोलली न्हाई.

झाडावर चढणारी तुमची भाची,
महामाया