टाळूची आग

१ जुलै
आले एकदाची अकोल्याला! अमरावतीहून एसटी सुटताना आईचे डोळे भरले, मला मात्र हसू आवरेना. मुलींच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचं. पहिल्याच दिवशी ‘अवनी मॅडम’ झाले. जठारपेठेत वरची खोली मिळाली. घरमालकीण दुर्गाबाई एकट्याच राहतात. एवढ्या उकाड्यातही डोक्यावरचा पदर हलत नाही. माझी वेणी बघून म्हणाल्या, “एवढे केस अन् तेल नाही? बस इथं, मी लावून देतो.” नको म्हणवेना. बराच वेळ टाळू चोळत बसल्या.

१४ जुलै
पहिलं प्रॅक्टिकल. आपल्या टाळूवर जिवाणू राहतातच, बहुतेक निरुपद्रवी, हे सांगून प्रत्येकीला टाळूवर स्वॅब फिरवून पेट्री डिशमध्ये रेघा ओढायला लावल्या. आधी मी माझी केली. पातूरहून येणारी रागिणी वर्गात सगळ्यांत हुशार. तिनं विचारलं, जिवाणूंनी केस जातात का? म्हटलं, काही आजारांत केसांच्या मुळाशी सूज असते आणि तिथं जिवाणू सापडतात. पण सूज त्यांनी आणली की सुजेनं त्यांना बोलावलं, हे दर वेळी सांगता येत नाही. उत्तरावर मीच खूश!

१६ जुलै
मुलींच्या डिशमध्ये पांढरे-पिवळे ठिपके. माझ्या डिशमध्ये करडे तंतू, थेट झाकणाला टेकलेले. कुठल्याच पुस्तकात असं पाहिलेलं नाही. ही कोणाची, रागिणीनं विचारलं. खराब झालेली आहे, असं सांगून मी तळाशी लिहिलेलं माझं नाव पुसलं. कान तापले होते. नंतर डिश उचलायला हात पुढे केला तर तंतू बोटांकडे कलले. पंख्याच्या वाऱ्यानं असेल. पण झाकण तर लावलेलं होतं.

२ ऑगस्ट
कानामागे केसच नाहीत. खपली नाही, सूज नाही. नुसती गुळगुळीत कातडी, आणि आग. इथं दाखवलं तर कॉलेजात कळेल, म्हणून अमरावतीला गेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. डिशचं त्यांना बोलले नाही. जिवाणू शिकवणारी बाई, आणि तिचंच डोकं असं! कोणत्या तोंडानं सांगू?

११ ऑगस्ट
रागिणी मोकळ्या केसांनी बर्नरवर वाकली. मी धावले, तिला मागे ओढलं आणि तिची वेणी घातली. तिला रबरबँड देऊन ‘तूच बांध’ म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. बोटं तिच्या टाळूला लागली आणि माझी आग थांबली. इतकं बरं वाटलं की मी वेणी सोडून परत घातली.

२० ऑगस्ट
रागिणी स्कार्फ बांधून आली. स्टाफरूमच्या दारात हळूच म्हणाली, “मॅडम, बोअरच्या पाण्यानं जातात का केस?”
मी हो म्हटलं.
थँक्यू म्हणून गेली.

२८ ऑगस्ट
जिन्यात दुर्गाबाईंचा पदर घसरला. भुवयांपासून मानेपर्यंत एक केस नाही. तिथंच बसून रडल्या. “तुले तेल लावलं अन् माही आग थांबली व माय. सांगाची लाज वाटली.”
ओरडणार होते त्यांच्यावर. पण मी तरी —

३ सप्टेंबर
आग परत. आता मीही स्कार्फ. वर्गात स्कार्फ वाढलेत — रागिणी मैत्रिणींच्या वेण्या घालते म्हणे, हौसेनं. तिचीही आग थांबत असेल. उद्या सांगते सगळ्यांना.

४ सप्टेंबर
नाही सांगितलं.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. मुली गुलाब घेऊन स्टाफरूममध्ये शिरल्या आहेत. पाया पडायला. रागिणी सगळ्यांना रांगेत लावून राहिली. मी लिहितेय — मुद्दाम — पेन धरलं की हात मोकळा राहत नाही. मान वर करायची नाही. आग डोळ्यांत उतरली आहे. पहिली वाकली. नवीन मुलगी, केस किती दाट — आशीर्वाद द्या म्हणते — दूर हो म्हणायचंय, रागिणी बघते आहे, कारण विचारेल — लिहीत राहायचं, पेन सोडायचं ना