परसातल्या डाळिंबाचा हक्क

मी, श्रीमती सारा रूबेन वाकरूळकर, वय चौऱ्याहत्तर, माहेर पेण, सासर व मुक्काम रोहा, कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाने नव्हे, तर आपल्या मर्जीने हे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी माझ्या मुलीची कादंबरी वाचलेली नाही. मी ती ऐकली आहे आणि त्या धक्क्यातून अजून सावरलेली नाही, हेही नोंदवावे.

१. आधीच्या मृत्युपत्रात सर्व काही मुलगा एलिजा याला दिले होते. ते रद्द समजावे.

२. कारण लिहिणे भाग आहे. मुलगी शीरा पुण्यात असते व कादंबऱ्या लिहिते. नवी कादंबरी ग्रीकांच्या पुराणावर आहे. ग्रीकांनी आम्हा यहुद्यांचे यरुशलेमचे मंदिर बाटवले, त्यांना हाकलले म्हणून आम्ही हनुक्काच्या सणाला दिवे लावतो, आणि ही त्यांच्या देवांची लग्ने लावत बसली आहे. मूळ कथेत पाताळाचा राजा धान्यदेवीच्या मुलीला रथात घालून पळवतो. शीराचा राजा लाजाळू आहे, कविता करतो, आणि मुलगी आपल्या पायांनी पाताळात उतरते. वाईट कोण, तर आई. ती पोरीला कोंडून ठेवते आणि पोर गेल्यावर सुडाने साऱ्या पृथ्वीचे पीक जाळते.

मला मोतीबिंदू आहे, म्हणून शेजारची इंदुबाई वाचून दाखवत होती. देवी म्हणते, "तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नकोस, ताटात टाकायचं नाही." इंदुबाई थांबली.

"गो सारा, ही आय तं तूच हायस. तुजीच बोलनी हायत."

मला ब्रह्मांड आठवले. चाळीस गावांत लोक ही कादंबरी वाचतील आणि त्यातली चेटकीण मी.

३. खरे असे घडले. शीरा धनेशबरोबर न सांगता निघून गेली. तो वडखळकडच्या मिठागरवाल्यांचा मुलगा, आमच्या धर्माचा नाही. माणूस चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. मी वडखळ नाक्यावर उभी राहून एसटीच्या कंडक्टरांना तिचा फोटो दाखवत होते. पीक कोणाचेही जाळले नाही. ती सापडावी म्हणून आमच्या एलियाहू हन्नाबी या पैगंबराला मलिद्याचा, म्हणजे गोड पोहे आणि फळांच्या ताटाचा, नवस बोलले. ती सापडली, पण घरी आली नाही. "मी सुखात आहे, आई, तू येऊ नको," असे फोनवर म्हणाली. मग नवस फळला की नाही, हे मला कोणी सांगू शकले नाही. मलिदा राहून गेला. कादंबरीत यातले काही नाही, कारण हे ऐकायला ती कधी समोर बसलीच नाही.

४. पाटा-वरवंटा इंदुबाईस. वकील म्हणतात, त्यामुळे ती साक्षीदार चालत नाही. ती रुसली आहे. बँकेतली ठेव आणि शब्बाथचा, दर शुक्रवारी संध्याकाळी लावायचा, काचेचा दिवा एलिजास. तो इस्रायलला स्थायिक आहे, घर विकूनच टाकील.

५. राहिले रोह्याचे घर आणि परस. वकिलांना वाटले, शीराला कधीच काही मिळू नये, असे पक्के लिहून घ्यायला मी आले आहे. शेवटचे प्रकरण ऐकेपर्यंत मलाही तसेच वाटत होते. त्यात मुलगी पाताळातले डाळिंब खाते, म्हणून देव न्याय करतात, की जिथले डाळिंब खाल्ले तिथली ती झाली. वर्षाचे काही महिने तिने तिथे राहावे. मला हा कायदा मंजूर आहे. चालायला लागल्यापासून शीराने आमच्या परसातली डाळिंबे खाल्ली आहेत. तेव्हा ग्रीकांच्याच कायद्याने घर तिचे. एलिजाने भांडू नये.

६. अट एकच. माझ्या पश्चात तिने या घरात तो मलिदा करावा. प्रार्थनेला आमच्या धर्माचे दहा पुरुष लागतात, ते रोह्यात भरणार नाहीत. पेणहून, अलिबागहून बोलवावे. वाढायला धनेशने उभे राहावे. ताटात फळ आमच्याच झाडाचे असावे.

७. या कागदाची प्रत आजच शीराला पोस्टाने धाडली आहे. मी असतानाच ती आली, तर नवस मीच फेडीन आणि अट रद्द होईल. झाड सध्या फुलावर आहे.

हे वाचून दाखवल्यावर, समजून, दोघा साक्षीदारांदेखत सही केली.

सारा रूबेन वाकरूळकर

साक्षीदार: हिरामण काळुराम म्हात्रे, रोहा
नमिता जगन पाटील, खांब

रोहा, १८ फेब्रुवारी २०२५