तीस तारखेपर्यंत

३ नोव्हेंबर, सोमवार

कैलाश परत आला.

मी शाळेतून आले तर ओसरीत बसलेला. पायाशी एक बॅग आणि रंगाचे ब्रश खोचलेली बादली. सहा वर्षं झाली. केस पांढरे झालेत, गाल आत गेलेत. सासूबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत रडत होत्या. मी चप्पल काढली, हातपाय धुतले, चहा ठेवला. चौघांचा. साखरही बरोबर पडली.

चहा पिताना तो एवढंच म्हणाला, "ती आता नाई."

पुढे कोणी विचारलं नाही. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हणजे राजनांदगावची ती बाई गेली. आमची पोरगी टीना सतरा वर्षांची होती, तेव्हा जिच्यासाठी यानं घर सोडलं ती. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी थोडा वेळ वाट पाहिली. काही आलं नाही. मग कप विसळले.

पूर्वी वहीतसुद्धा त्याला 'हे' लिहायचे. आज हात आपोआप 'तो' लिहून गेला.

४ नोव्हेंबर

हॉलमधल्या दिवाणावर झोपतो. शाळेत आज मटकीची उसळ आणि भात शिजवला. पोरं एकशे बारा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

टीना चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. आज भांडी घासायला माझ्याजवळ येऊन बसली. तिचं साक्षगंध तीस तारखेला. होणारा जावई उमेंद्र आमगावचा, बियाण्याचं दुकान आहे. त्याच्या घरच्यांना आम्ही सांगितलं आहे की पोरीचे वडील छत्तीसगडला कामाला असतात. खोटं नव्हतंच तसं.

म्हणाली, "आई, तीस तारखेपर्यंत राहू दे त्यांले. पाटावर बाप बसला तर कोणी काही विचारणार नाही."

मी म्हटलं, राहू दे.

तिला वाटलं मला जड जातंय. ती माझ्या हातातली कढई काढून घेऊन स्वतः घासत बसली. मला जड जात नव्हतं. हलकंही नव्हतं. साबण संपत आलाय, हे डोक्यात होतं.

तिकडे तो रंगारी झाला होता म्हणे. घर रंगवून देतो म्हणाला. सासूबाईंनी लगेच हो म्हटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

रंगांचं कार्ड समोर धरून विचारत होता. हॉल मोतिया की बदामी? स्वयंपाकघर आसमानी चालेल काय? ओल धरलेली भिंत खरवडून तिथे वेगळं काही करू काय? मी प्रत्येक वेळी 'चालेल' म्हटलं. शेवटी टीनानं ठरवलं.

सगळं सामान अंगणात काढलं. कपाटामागे त्याचा जुना बेल्ट सापडला, बुरशी लागलेला. त्यानं पाहिला, मी पाहिला. मीच उचलून कचऱ्यात टाकला. तो पुट्टी कालवत राहिला.

१२ नोव्हेंबर

आज घरी आले तर जेवण तयार!

ज्या माणसानं कधी माठातून स्वतःच्या हातानं पाणी घेतलं नाही, त्यानं डुबकी कढी केली होती. उडदाच्या डाळीचे गोळे, वाफेवर नाही, थेट उकळत्या कढीत सोडलेले. वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. सोबत तांदळाच्या पिठाचे फरे, मुटके वळावेत तसे, तीळ घालून. सासूबाई एकेक घास घेऊन माझ्याकडे पाहत होत्या. टीनानं दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि पहिल्यांदा 'पप्पा' म्हणाली.

मी विचारलं, कुठे शिकले? "शिकलो," म्हणाला, आणि ताटात पाहत राहिला.

कुणाचा हात आहे ते पहिल्याच घासाला कळलं. मीठ कधी घालायचं, डाळ किती जाडसर वाटायची, हे बाजूला उभं राहून कोणी तरी दाखवल्याशिवाय येत नाही. सहा वर्षं मी तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. कधी जमलं नाही. आज तिच्या हातचं जेवले. दोन वाट्या कढी घेतली. चांगली होती.

१३ नोव्हेंबर

तिचं नाव अजून मला माहीत नाही. विचारलंही नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

ओलीची भिंत झाली. हिरव्या रंगावर स्पंज आणि पुठ्ठ्याचे साचे लावून त्यानं फिक्या हिरव्या रंगाची पानं उठवली आहेत. खालून वर जाणारी, वर विरळ होत गेलेली. सकाळपासून शिडीवर. हात स्थिर आहे त्याचा.

गल्लीतल्या बाया बघायला आल्या. एक म्हणाली, रंजिता, तुझ्या नशिबानं लय उशिरा दार ठोठावलं, पण ठोठावलं. दुसरी म्हणाली, माझा नवरा इथंच असून एक खिळा ठोकत नाही. सगळ्या हसल्या. मीही हसले असेन.

सासूबाईंनी नवस बोलला होता, पोरगा परत आला तर राजनांदगावच्या अलीकडे डोंगरगडला बमलाई मायच्या पाया पडीन. पुढच्या रविवारी जायचं म्हणतात. त्याला हे ऐकून बरं वाटलं नाही. रस्ता खराब आहे, माय, एवढं बसवणार नाही तुला — असं दोन-तीनदा म्हणाला. सासूबाई ऐकत नाहीत.

१९ नोव्हेंबर

भाजी — कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या. त्यानंच केल्या. सासूबाई म्हणाल्या, माझ्याहून पातळ थापल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

डोंगरगडला जाऊन आलो. नीट लिहून ठेवते.

गाडी त्याच्या बिरसीच्या भावाची. सहाला निघालो. मी पहाटे मेथीच्या पुऱ्या, भरली वांगी आणि टमाटरची चटणी डब्यात भरली होती. चालवायला तोच, टीना पुढे, मी आणि सासूबाई मागे. आमगाव गेलं, सालेकसा गेलं. मग जंगल लागलं. धानकापणी चालू, रस्त्यावरच कोणी कोणी धान वाळत घातलेला, तो चाकं वाचवून बाजूनं गाडी काढत होता. दरेकसाच्या पुढे एका झाडाखाली थांबून पुऱ्या खाल्ल्या. टीनानं सगळ्यांचा फोटो काढला. फोटोत आम्ही चांगले दिसतो. कोणीही म्हणेल, किती सुखी कुटुंब आहे.

डोंगरगडला टीना पायऱ्या चढून वरच्या देवळात गेली. सासूबाईंना खालच्या देवळात दर्शन करवून ओट्यावर बसवलं. त्या म्हणाल्या, तुम्ही दोघं चहा पिऊन या. त्याला गाडीतच बसायचं होतं. मीच म्हटलं, चला. डोकं दुखत होतं माझं.

रस्त्यालगत हॉटेल. गल्ल्यावर टक्कल पडलेला एक माणूस. याला पाहून उठलाच. "अरे कैलाश भैया!" मग मला कळलं की त्याचं नाव दुर्गाप्रसाद, आणि हॉटेलला रंग यानंच दिला होता दोन वर्षांपूर्वी. मी जरा मागे उभी होते. मी याच्यासोबत आहे हे त्याच्या ध्यानात आलं नसावं.

त्यानं विचारलं, "अंजना भाभी का हाथ अब उठता है क्या? कि वैसी ही पड़ी है?"

हा म्हणाला, बाद में बात करते हैं. चहा न घेताच वळला.

मी चहा घेतला. उभ्यानं प्यायले. आलं जास्त होतं.

परत येताना टीना गाणी लावून बसली होती. सासूबाई झोपल्या. आरशात तो एक-दोनदा माझ्याकडे पाहत होता. मी खिडकीतून बाहेर.

२४ नोव्हेंबर

अंजना. जिवंत आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज शाळा लवकर सुटली. सासूबाई आणि टीना साडी घ्यायला बाजारात. तो दाराच्या चौकटीला ऑइल पेंट मारत होता. मी पाट घेऊन समोर बसले.

मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं ती नाई म्हणून."

ब्रश थांबला. "माह्यासाठी नाई, असं म्हटलो मी."

"काय झालं तिले?"

मग सांगितलं. जून महिन्यात लकवा. उजवी बाजू पूर्ण गेली, तोंड वाकडं झालं. मागेपुढे कोणी नाही तिला. चार महिने यानंच केलं — आंघोळ, भरवणं, सगळं. मग एका सकाळी कामाला जातो सांगून निघाला आणि गोंदियाच्या गाडीत बसला.

"आता कोण करते तिचं?"

शेजारची एक म्हातारी दुपारचा भात आणून देते म्हणाला. निघताना त्या म्हातारीला सांगून आलो होतो.

"आणि बाकीचं?"

त्यानं ब्रश डब्यात बुडवला. चौकटीकडे पाहत म्हणाला, "मले नाई झालं, रंजिता. रोज तेच हागमूत. रोज तेच डोळे. मी काही वाईट माणूस नाई. पण मले नाई झालं."

खरंच बोलत होता. खोटं बोलताना त्याच्या कानाची पाळी लाल होते, मला माहीत आहे. आज लाल नव्हती.

मी घर कुठे आहे विचारलं. स्टेशनच्या मागे, म्हणाला. पिंपळाजवळची चाळ, निळं दार. मग त्यानं विचारलं, काऊन? मी उठून कणीक मळायला गेले. चौकटीचा वास घरभर होता.

२७ नोव्हेंबर

टीनाला सांगितलं. मग म्हणाली, आई, तीन दिवस. मी म्हटलं, हो, तीन दिवस.

तिचे डोळे भरले होते. साक्षगंधासाठी की त्या बाईसाठी, कळलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

झालं साक्षगंध.

चाळीस माणसं. तो पाटावर बसला, पांढरा शर्ट, कपाळाला टिळा. पाहुण्यांना पाणी, पान, सगळं हातात दिलं. उमेंद्रची आई पानांच्या भिंतीपुढे उभी राहून फोटो काढत होती, म्हणाली आमच्याकडेही असंच करून द्या, भाऊ. तो हसून हो म्हणाला. जेवणात पातोडीचा रस्सा, वांग्याची भाजी, जिलेबी, भात. सगळ्यांनी नाव काढलं.

टीना सुंदर दिसत होती. ते मात्र मला दिसलं. स्पष्ट दिसलं.

चार वाजता पाहुण्यांची शेवटची गाडी गेली. तो अंगणात सतरंज्या झटकत होता. मी त्याची बॅग ओसरीत आणून ठेवली. कपडे धुऊन, घड्या घालून भरले होते.

म्हटलं, "घर चांगलं झालं. आता तुम्ही जा."

"कुठे जाऊ?"

"ते मी काऊन सांगू?"

सासूबाई मधे पडल्या. पोराला एक चूक माफ नाही होत काय, म्हणाल्या. तेव्हा टीनानंच त्यांना सगळं सांगितलं, नवी साडी तशीच नेसलेली असताना. तो मान खाली घालून उभा. एकदाही 'असं नाही' म्हणाला नाही. मग बॅग उचलली आणि बिरसीला भावाकडे गेला. बादली आणि ब्रश इथेच राहिले.

१ डिसेंबर

सासूबाई सकाळी जेवल्या नाहीत. दुपारीही नाही. मी ताट वाढलं, झाकलं, उचललं. पोटच्या पोराला घालवलं मी, त्याचं दुःख असेल, असं मला वाटलं.

संध्याकाळी तांदूळ निवडत बसले होते. त्या जवळ येऊन बसल्या. मूठभर तांदूळ पुढे ओढले. खडे काढता काढता म्हणाल्या, "ती बाई एकटीच पडून हाय काय अजून?"

हो म्हटलं.

"मग तू कायले बसून राहिली?"

२ डिसेंबर

शाळेत दोन दिवसांची रजा सांगितली. टीनाला म्हटलं, बघून येते फक्त. कायले जात आहे, ते मला सांगता आलं नसतं. तिनं विचारलं नाही.

३ डिसेंबर, बुधवार. राजनांदगाव

निळं दार उघडंच होतं. खाटेवर पडलेली. माझ्याच वयाची. वास असह्य. तिनं मला लगेच ओळखलं. कुठे फोटो पाहिला असेल.

पाणी तापवलं, आंघोळ घातली, चादर बदलली. मला ना दया येत होती ना राग. शाळेतली मोठी पातेली घासावीत तसं करत गेले. मग तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. वाकड्या तोंडानं, एकेक शब्द जुळवत विचारलं, "टाइम मा... खाथे न... ओ?"

वेळेवर जेवतो ना तो, असं.

मला राग आला. सहा वर्षांत पहिल्यांदा! भिंतीला धरून मोठ्यानं रडले, चाळीतल्या बाया दारात गोळा होईपर्यंत. तिनं मनगट सोडलं नाही.

उद्या सकाळची गाडी सांगितली आहे. तिला घरी नेते.